जड पाण्याचा खर्च: मशीन घेण्याआधीचा हिशेब

वाकड, पुनावळे, रावेत, ताथवडे, मोशी, चऱ्होली. पिंपरी-चिंचवडच्या या नव्या पट्ट्यात फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या महिन्यात दोन माणसं दार वाजवतात. एक कबुतरांची जाळी लावणारा, दुसरा पाण्याचं मशीन विकणारा. जाळीवाल्याशी घासाघीस करायला कुणाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्याच्या पिशवीत मात्र दोन वस्तू असतात, आणि त्यांच्यापुढे भलेभले गप्प होतात.

पहिली वस्तू म्हणजे पेनासारखा टीडीएस मीटर. तो नळाच्या पाण्यात बुडवतात, आकडा ४५० दाखवतो, आणि ‘काका, हे विष पिताय तुम्ही’ असा चेहरा केला जातो. दुसरी वस्तू म्हणजे धातूच्या चार कांड्यांचं, विजेवर चालणारं यंत्र. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. बटण दाबलं की नळाचं पाणी मिनिटभरात हिरवट-काळं होतं आणि वर फेस येतो, आरओचं मात्र तसंच राहतं. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते, तिच्यामुळे कांडीचं लोखंड सुटतं आणि तेच ग्लासात दिसतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज वाहत नाही. विक्रेत्याला आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबायला सांगा. बैठक लवकर आटोपेल.

पाण्यावर पैसे खर्च करूच नका, असं मी म्हणत नाही. बोअरच्या जड पाण्याने गिझर, शॉवर आणि वॉशिंग मशीनची दरवर्षी वाट लागते, आणि तो खर्च खरा असतो. पण कुठल्या नळावर कुठलं यंत्र, हे तुमच्या नळाला येणारं पाणी कुठलं यावर ठरतं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

महापालिकेचं पाणी मुख्यतः पवना धरणाचं. धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करतात. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणायची योजना होती. तिच्याविरोधात मावळातले शेतकरी उठले, ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि योजना अडली. अलीकडे आंद्रा धरणाचं पाणीही इंद्रायणीतून उचलून चिखलीच्या केंद्रातून येऊ लागलं आहे. दोन्ही पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं. खडकात ते फार काळ मुरलेलं नसतं, म्हणून मऊ असतं. साबणाला फेस येतो, डाळ शिजते, गिझरमध्ये थर धरत नाही.

बोअरचं पाणीही याच आभाळातून पडलेलं, पण ते काळ्या पाषाणाच्या भेगांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं थांबलेलं असतं. तेवढ्या मुक्कामात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळून घेतं. धरणाच्या पाण्याची कठीणता साधारणपणे लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असते, तर इकडच्या बोअरना ३००-४०० सहज लागते. शेजारच्या दोन बोअरमध्येही मोठा फरक निघतो.

शहरात नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. उरलेली गरज सोसायटीचं बोअर आणि टँकर भागवतात, आणि टँकरचं पाणीही बहुतेक वेळा शहराच्या कडेच्या विहिरी-बोअरचंच असतं. ही तिन्ही पाणी खालच्या टाकीत एकत्र होतात. म्हणून एकाच नळाला ऑगस्टमध्ये मऊ पाणी येतं आणि एप्रिलमध्ये तेच टिकली सुटल्यासारखे पांढरे डाग आरशावर सोडतं. विक्रेत्याने मे महिन्यात मोजलेल्या आकड्यावर वर्षभराचा खर्च ठरवू नका.

आता मोजायचं काय? टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार, त्यात मीठही आलं. कठीणता म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. थर धरतात, साबण फाडतात ते हे दोघे. टीडीएस मीटरला हे दोघे वेगळे दिसत नाहीत. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस कमी झाला नाही म्हणून भांडणारे सभासद प्रत्येक सोसायटीत भेटतात. तो कमी व्हायचा नसतोच. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्याबदल्यात सोडियम सोडतो. क्षारांची बेरीज जवळपास तेवढीच राहते.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणता २०० पर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत, सगळे लिटरला मिलिग्रॅममध्ये. म्हणजे विक्रेत्याचा ४५० हा आकडा मानकाच्या आत बसतो. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सवलत नाही, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय सापडताच कामा नये.

कठीणता घरी मोजायचं थेंबांचं किट साधारण ३०० ते ८०० रुपयांत मिळतं. ठरलेल्या मापाच्या पाण्यात एक पूड टाकली की ते लालसर होतं, मग थेंब मोजत जायचं. निळं झालं की थांबायचं. एका थेंबाला किती मिलिग्रॅम हे डबीवर लिहिलेलं असतं. एका मजल्यावरच्या चार घरांनी मिळून एक किट घेतलं तरी पुरतं. बोअर, टँकर, पालिकेची लाइन आणि घरचा नळ असे चार नमुने वेगवेगळे मोजा. पालिकेचा नमुना खालच्या टाकीत पडणाऱ्या धारेतूनच घ्या, टाकीतून नको.

प्रयोगशाळेचा पूर्ण तपास सोसायटीने वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर करावा. एनएबीएल मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळा सगळे रासायनिक घटक आणि जंतू मिळून दीड ते चार हजार रुपये घेतात. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्याही प्रयोगशाळा आहेत. सरकारी दर कमी असतात, पण नमुना कधी घेतात ते आधी विचारून जा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते. घरच्या बिसलेरीच्या बाटलीत भरलेलं पाणी नेलंत, तर बाटलीतल्या जंतूंचा अहवाल मिळेल.

जड पाण्याच्या नावावर खपणारी भीती आधी बाजूला काढू. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्याची म्हणून कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही. मुतखड्याचा दोष जड पाण्याला देतात, पण तसं सिद्ध झालेलं नाही. कमी पाणी पिणं हे त्याहून मोठं कारण. त्वचेचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये इसबाच्या ३३६ मुलांवर सॉफ्टनरची चाचणी झाली. २०११ साली तिचे निष्कर्ष आले आणि सॉफ्टनर लावलेल्या घरांत काही जादा फायदा दिसला नाही. केस राठ होतात हे खरं. त्याला शॅम्पूनंतर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा ओतणं हा फुकटचा उपाय आहे.

खर्च खरा होतो तो गरम पाण्यात. क्षार तापल्यावर सुटतात, म्हणून बादली स्वच्छ दिसते आणि गिझर आतून दगड होतो. थर बसल्यामुळे विजेचं बिल तीस टक्क्यांनी वाढतं, असं विक्रेते सांगतात. विजेच्या गिझरबाबत ते पटण्यासारखं नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे थर असो नसो, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. थराखाली कॉइल स्वतः भाजून निघते आणि जळते, ते नुकसान खरं. कॉइल बदलायला मजुरीसह हजार ते अठराशे रुपये जातात. दरवर्षी थर काढून आतला मॅग्नेशियमचा रॉड तपासून घेतला तर ५०० ते १००० रुपयांत काम भागतं. त्याहून स्वस्त म्हणजे गिझरची कळ ५५ अंशांवर ठेवणं. साठच्या वर क्षार झपाट्याने बसतात, आणि तेवढं कढत पाणी आपण नाहीतरी थंड पाणी मिसळूनच वापरतो.

गॅस गिझर आणि गच्चीवरचं सोलर यांना मात्र हा थर खरंच महागात पडतो. तिथे उष्णता तांब्याच्या नळीतून पाण्यात जायची असते आणि थर मध्ये येतो. चपट्या पॅनेलच्या सोलरमधल्या बारीक नळ्या बोअरच्या पाण्याने बुजतात. बोअर थेट सोलरच्या टाकीला जोडलेलं असेल तर ते आधी तोडा.

शॉवर आणि नळाच्या जाळीसाठी किराणा किंवा केमिकलच्या दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, पुरे. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे, अर्धा तास. किलोभर आणलं तर वर्ष जातं. मात्र ते कडप्प्याच्या ओट्यावर, संगमरवरावर किंवा कोट्यावर सांडू देऊ नका; हे दगड चुन्याच्याच जातीचे असल्याने डाग कायमचा पडतो. संडासचं ॲसिड नळांना लावलं की थराबरोबर चकाकीही जाते. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही ही तक्रार खरी आहे, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंती घट्ट करतं. त्यासाठी चिमूटभर सोडा किंवा पिण्याचं पाणी वापरावं, डाळीसाठी मशीन घेऊ नये.

आता बाथरूमच्या नळाला लावायचे ते छोटे सॉफ्टनर, दोन ते सहा हजारांचे. यांच्या जाहिरातीत एक आकडा कधीच नसतो, तो आपण काढू. सॉफ्टनरमध्ये रेझिन नावाचे बारीक मणी असतात. एक लिटर रेझिन साधारण ५० ते ६० ग्रॅम कठीणता धरतं. पाण्याची कठीणता ४०० असेल तर प्रत्येक लिटरमागे ०.४ ग्रॅम काढावी लागते. म्हणजे लिटरभर रेझिनचं यंत्र १४० लिटरच्या आसपास पाणी मऊ करतं, जेमतेम सात-आठ बादल्या. त्यानंतर मिठाच्या पाण्याने धुतल्याशिवाय ते फक्त शोभेचं राहतं. चौघांच्या घरात हे धुणं रोज करावं लागेल. करणार असाल तर घ्या. शॉवरला लावायचे ५०० ते २५०० रुपयांचे ‘फिल्टर’ बहुतेक कार्बनचे असतात. ते क्लोरीनचा वास घालवतात, कठीणता जिथल्या तिथे राहते. पाइपला बांधायच्या चुंबकांबद्दल विक्रेत्याला एवढंच विचारा: किटने मोजल्यावर आकडा कमी दिसेल का?

वॉशिंग मशीनच्या नळाला लावायच्या डबीत फॉस्फेटचे स्फटिक असतात. ते कठीणता काढत नाहीत, क्षार चिकटू देत नाहीत. मशीनपुरतं हे स्वस्त आणि पुरेसं आहे. हे पाणी पिण्यासाठी नाही.

२५ लिटर रेझिनचा आपोआप धुतला जाणारा सॉफ्टनर ३० ते ५० हजारांना पडतो. ४०० कठीणतेचं सुमारे ३४०० लिटर पाणी झालं की त्याला साडेतीन किलो मीठ लागतं. चालवायचा खर्च किरकोळ. अडचण वेगळीच असते: फ्लॅटला पाणी एका जागेहून येत नाही. प्रत्येक बाथरूमच्या डक्टमधून वेगळी लाइन उतरते. एक यंत्र एकाच बाथरूमला लागतं आणि दुसऱ्यात पाहुणे जड पाण्याने आंघोळ करतात. बंगला किंवा रो-हाउस असेल तर हा खर्च समजू शकतो.

म्हणून माझं मत असं, की पाणी मऊ करायची जागा घर नसून सोसायटीच्या बोअरची लाइन आहे. १०० फ्लॅटची सोसायटी धरू. माणशी १३५ लिटर आणि घरात चार माणसं म्हणजे रोज ५४ हजार लिटर. त्यात बोअरचं २० हजार. कठीणता ४०० वरून १०० वर आणायची, म्हणजे रोज ६ किलो क्षार काढायचे. त्यासाठी साधारण १५ किलो मीठ, १० रुपये किलोने १५० रुपये. महिन्याला साडेचार हजार, म्हणजे घरामागे ४५ रुपये. यंत्र दोन-तीन लाखांचं, म्हणजे घरामागे दोन-तीन हजार, एकदाच. हेच काम १०० घरांनी आपापल्या बाथरूममध्ये करायचं ठरवलं तर तीस लाखांच्या खाली भागत नाही.

कोटेशन मागवताना कमिटीने तीन आकडे लेखी घ्यावेत: रेझिन किती लिटर, आपल्या कठीणतेला दोन धुण्यांच्या मध्ये पाणी किती, आणि एका धुण्याला मीठ किती. ‘१० हजार लिटरचा प्लांट’ या बोलण्याला अर्थ नाही, तो आकडा बहुधा ताशी प्रवाहाचा असतो. बोअरमध्ये लोह असेल, म्हणजे पाणी बादलीत ठेवल्यावर तांबूस होत असेल, तर आधी लोह काढणारा फिल्टर लावा, नाहीतर रेझिन वर्ष-दोन वर्षांत जातं. धुण्याचं खारं पाणी बागेत सोडू नका. आणि मीठ कोण टाकणार त्याचं नाव ठरवा. मीठ संपल्यामुळे सहा महिने नुसतेच उभे असलेले प्लांट या शहरात कमी नाहीत.

त्याहीआधी एक काम आहे, त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. पालिकेचं पाणी स्वयंपाकघराच्या टाकीत, बोअर फ्लश आणि बागेला, असं वेगळं करता येतं का ते प्लंबरकडून पाहून घ्या. बऱ्याच नव्या इमारतींत टाक्या वेगळ्या बांधलेल्याच असतात. कुणीतरी एका उन्हाळ्यात मधला व्हॉल्व्ह उघडतो आणि तो पुढे कधी बंद होत नाही.

स्वयंपाकघराच्या नळाला सॉफ्टनरचं पाणी नको, कारण ४०० कठीणता पूर्ण काढली की लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबाच्या रुग्णाने ते का प्यावं? आणि आरओ हवाच का, हेही तपासा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं केंद्राला सांगितलं होतं. पालिकेचं पाणी वेगळं येत असेल तर सहा ते दहा हजारांचा यूव्ही किंवा यूएफचा प्युरिफायर पुरतो. आरओ दहा ते वीस हजारांना मिळतो, पण खरा पैसा पुढे जातो: वार्षिक करार साडेतीन ते सहा हजार, दोन-तीन वर्षांनी मेम्ब्रेन दीड ते तीन हजार, आणि जड पाण्यावर ते त्याहून लवकर बुजतं. शिवाय दर लिटरमागे दोन लिटर पाणी वाया जातं. दिवसाला २० लिटर शुद्ध केलं तर ४० लिटर गटारात. १० हजार लिटरचा टँकर १२०० रुपयांना धरला, तर वर्षाला सुमारे १७५० रुपयांचं पाणी. ते फरशीला, संडासाला वापरा.

उकळणं फुकट आहे असं मानणाऱ्यांसाठी: एक लिटर पाण्याला साधारण १४ ग्रॅम गॅस लागतो. रोज दहा लिटर उकळलं तर शंभर दिवसांत एक सिलिंडर. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर वर्षाला सव्वातीन हजार, म्हणजे प्युरिफायरच्या कराराइतकेच. पण उकळण्याला कुणी फसवू शकत नाही, आणि दोन माणसांच्या घरात ते सगळ्यात स्वस्तच पडतं.

मऊ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ निघाले आणि संशय पाण्यातल्या जंतूंवर गेला. जंतू कुठल्याच मीटरवर दिसत नाहीत. त्यासाठी क्लोरीन तपासायचं. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन असावं. थेंब टाकून पिवळा रंग पाहायचं ओटी टेस्टचं किट काहीशे रुपयांत येतं, आणि वॉचमनलाही शिकवता येतं. पालिकेच्या धारेत पिवळा रंग येतो आणि वरच्या टाकीत येत नाही, तर टाकी धुवायची वेळ झाली. दिवसाआड पाण्यात रिकाम्या नळात सांध्यांतून गढूळ पाणी ओढलं जातं, म्हणून पहिल्या पाच-दहा मिनिटांची धार पिण्याच्या टाकीत घेऊ नका. बोअर आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन कुणी टाकतं का, हे वार्षिक सभेत विचारा.

भाड्याने राहणाऱ्यांनी किट, सायट्रिक ॲसिड आणि यूव्ही प्युरिफायर यापुढे खर्च करू नये. आणि या पट्ट्यात फ्लॅट बघत असाल तर सॅम्पल फ्लॅटमधल्या नळाचं पाणी पाहू नका. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या इमारतीच्या ऑफिसात जा, मार्च ते मे या तीन महिन्यांची टँकरची बिलं मागा, त्यांना फ्लॅटच्या संख्येने भागा. येणारा आकडा बिल्डरच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, पण मेंटेनन्समध्ये तो दर उन्हाळ्यात भरावा लागेल.